वास नसलेलं स्पिरिट

जालन्याच्या एका स्पिरिटवाल्या शेठने मला फसवलं. स्पिरिट म्हणून त्याने मला दुसरंच काहीतरी विकलं, आणि हे काय आहे असं मी त्याच्या दुकानात जाऊन विचारलं तेव्हा तो खोटं बोलला. हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, कारण माझ्या तोंडून ही हकीकत ऐकणारे बरेच लोक शेवटी मान हलवून म्हणतात की दोन्हीकडून थोडं थोडं चुकलं असेल. दोन्हीकडून चुकलं नव्हतं.

सत्तर सालानंतरची, दुष्काळ मागे पडला होता त्या दिवसांतली गोष्ट आहे. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, औरंगाबादचा तालुका होता. माझं दुकान भोकरदनला. आमच्या घराण्यात सगळे मेंढरांमागे फिरलेले; मी एकटा मेंढरं सोडून जालन्याला एका सुताराच्या कारखान्यात पॉलिशचा बोळा हातात घेऊन बसलो. चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवायची, कापसाचा बोळा फडक्यात बांधायचा आणि लाकडात आपलं तोंड दिसेपर्यंत घासत राहायचं. हे काम शिकलो, मग दारोदार फिरून लोकांच्या कपाटांना, पलंगांना पॉलिश करू लागलो आणि शेवटी बाजारगल्लीत स्वतःचं शटर उघडलं. मला कोणी हात दिला नाही. पोस्टाचं तिकीट सोडलं तर आयुष्यात मी भाव न करता काही घेतलं नाही, आणि तिथेही एकदा विचारून पाहिलं होतं.

दुकानात पॉलिशबरोबर सुटं स्पिरिटही विकायचो. आजच्या लोकांना स्पिरिट म्हटलं की एक तर दारू आठवते, नाहीतर दवाखाना. तेव्हा तसं नव्हतं. पितळी स्टोव्ह पेटवायला वाटीत थोडं स्पिरिट ओतावं लागे. लग्नाच्या मांडवातली गॅसबत्ती स्पिरिटशिवाय डोळा उघडत नसे. सोनाराचा छोटा दिवा त्यावर जळे, शाळेतल्या प्रयोगशाळेचा दिवा त्यावर जळे, बैलाच्या खांद्याला जू घासून जखम झाली की गडी बाटली घेऊन येई. कंपाउंडर सुई टोचण्याआधी त्याचाच बोळा फिरवी. प्यायला कोणी नेत नसे, कारण सरकारने त्यात अशी काही घाण मिसळलेली असे की बाटलीचं बूच काढलं तरी पोटात ढवळे. कुजकट, उग्र, अंगाला चिकटून राहणारा वास. माझ्या सदऱ्याला तो कायम येई. माझी लेक लहानपणी म्हणायची, बाबा गल्लीत शिरले की आधी वास घरात येतो.

मग माझ्या डोळ्यांदेखत ते सगळं बदलत गेलं. गावोगाव वीज आली, गॅसबत्त्या माळ्यावर गेल्या. वातीचे स्टोव्ह आले, पितळी स्टोव्ह मोडीत निघाले. घरातलं स्पिरिट कमी कमी होत गेलं. तेव्हा मला वाटलं होतं की आता निदान पॉलिशवाल्यांना तरी भरपूर मिळेल. झालं उलटं. परमिटवर मिळणारा माल दर खेपेला कमी यायचा, कधी यायचाच नाही. परमिटच्या ऑफिसातला कारकून सांगायचा की साखर कारखान्यांच्या मळीपासून जे काही निघतं ते आता मोठ्या फॅक्टऱ्या उचलतात. त्यापासून म्हणे प्लास्टिक होतं, रबर होतं, औषधं होतात, धागा होतो. आम्ही ऐकून हसायचो. दारूपासून धागा कसा निघेल? पण खरं होतं ते. लोक बोंबलत होते की दारुडे सगळं पिऊन टाकतात, आणि ज्याला कोणी ओठ लावत नव्हतं ते स्पिरिट रेल्वेच्या टाक्या भरभरून फॅक्टरीत जात होतं. आमच्यासारखे बाटलीवाले त्या रांगेत सगळ्यात मागे.

अशा टंचाईत एके दिवशी जालन्याच्या शेठने मला नवा माल दाखवला. पाण्यासारखा स्वच्छ, वास जवळपास नाहीच; असलाच तर किंचित गोडसर. म्हणाला, सुधारलेला माल आहे, कंट्रोलचाच, म्हणजे परमिटचाच, पण आता साफ करून येतो. मी हातावर घेतला, गार लागला. काडी लावली, निळी ज्योत आली. स्पिरिटची पारख आमच्या धंद्यात एवढीच. मी खूप घासाघीस करून एक पिंप उचललं.

दुकानात आणल्यावर माझ्या कारागिराने पहिल्याच आठवड्यात तक्रार केली. पॉलिश फार लवकर सुकतं, म्हणाला, आणि वर पांढुरका पडदा येतो. त्याचं डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे चमचम व्हायची. आम्ही काम उचलून अंगणात आणलं, मोकळ्या हवेत. मी पुढच्या खेपेला जालन्याला गेलो तेव्हा ही तक्रार शेठसमोर ठेवली आणि अर्थातच तिच्या जोरावर भाव पाडून घेतला. त्या रस्त्यावर सगळे असेच बोलायचे. माल घेणारा सांगणार की घरात आई शेवटच्या घटका मोजतेय, देणारा सांगणार की तुझ्यापायी माझी लेकरं उपाशी झोपतात, आणि सौदा झाला की दोघं मिळून चहा पिणार. शेठची आई तर माझ्या माहितीत चार वेळा मेली. ती भाषा होती सौद्याची. तिला कोणी खोटं म्हणत नसे.

गल्लीतल्या बायांना मात्र नवं स्पिरिट फार आवडलं. जुनं लेकरांच्या अंगाला लावायला त्या कचरायच्या, वासाने लेकरू ओकायचं. हे बिनवासाचं बघून त्यांनी ठरवून टाकलं की हे अस्सल, डॉक्टरी स्पिरिट आहे. माझी मायही तेच म्हणाली. जे घाण ते हलकं, जे स्वच्छ ते भारी. यात तिची चूक काय? सगळं जग तेच मानतं.

माझी लेक सहा वर्षांची होती तेव्हा. पहिलीत जायची, अक्षरं जोडून दुकानांच्या पाट्या वाचायला नुकती शिकली होती. राजूरच्या गणपतीला जाऊन आलो आणि तिला ताप भरला. साधा ताप, गल्लीत चार घरांत होता. कंपाउंडरने गोळ्या दिल्या आणि सांगितलं, ताप चढला तर स्पिरिटच्या पाण्याची पट्टी ठेवा. म्हणजे कपाळावर, जराशी, आणि उघडी. ती सुकते तसा ताप उतरतो. पण आमची माय धनगराची. मेंढराला गारठा बाधला की त्याला घोंगडीत गुंडाळायचं, हे तिच्या हाडांत होतं. औषध आत जिरवायचं असेल तर वरून घोंगडी घालायची. तिने दोन्ही ज्ञानं एकत्र केली. कपाळावर पट्टी ठेवलीच, शिवाय पोटावर आणि छातीवर बिनवासाच्या स्पिरिटमध्ये चिंब भिजवलेलं धोतराचं फडकं गुंडाळलं आणि त्यावरून काळी घोंगडी घट्ट लपेटली. फडकं सुकलं की पुन्हा भिजवायचं. दिवसभर तेच चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळीही. बायको बाटली भरून न्यायला दुकानात आली तेव्हा मीच पिंपातून काढून दिलं.

दुपारपर्यंत ताप उतरला आणि माय खूश झाली. पण पोरीला उलट्या सुरू झाल्या. पोट धरून ती वळवळायला लागली. श्वास असा भरभर चालला होता की जणू राजूरपासून पळत आली आहे. मी दुकानातून घरी आलो तर ती म्हणाली, घरात धूर झालाय, चूल विझवा.

चूल सकाळपासून पेटली नव्हती. मी जाऊन राखेत हात घालून पाहिला, थंडगार होती. माय म्हणाली, तापाच्या ग्लानीत बोलून राह्यली. मी पोरीला विचारलं, धूर कुठं आहे गं? तिने हात फिरवून सगळीकडे दाखवला. माझ्या तोंडावरसुद्धा.

मी तापट माणूस आहे, अडचण आली की मला राग येतो आणि रागावर माझं निभावतं. त्या दिवशी राग आलाच नाही. घोंगडी ओढून काढली, फडकी फेकली, तिला उचललं आणि जालन्याची एसटी धरली. बायको बरोबर होती. मायला मागे ठेवलं. ती दारात उभी राहून मला विचारत होती की माझं काई चुकलं का रं बाबा.

एसटीत पोर माझ्या मांडीवर, खिडकीकडे. राजूर आलं की ती नेहमी देवळाकडे बघून हात जोडायची, आम्ही सांगायच्या आधी. गाडी राजूरला थांबली. ती तशीच बसली होती. मी कानाशी वाकून म्हटलं, राजूर आलं बाई, हात जोड. तिने हात जोडले. देऊळ एका बाजूला होतं, ती दुसऱ्या बाजूला तोंड करून नमस्कार करत होती, ड्रायव्हरच्या पाठीला. बायकोने तिचे जोडलेले हात आपल्या हातात धरून हळूच देवळाकडे वळवले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. पुढचा सगळा रस्ता मी तिच्या डोळ्यांपुढे बोट नेत होतो आणि मागे घेत होतो, आणि दर वेळी ती बघते आहे की नाही हे कळायच्या आत मीच घाबरून दुसरीकडे बघत होतो.

जालन्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्याने बॅटरी मारून बुबुळं पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, हिला दारू कोणी पाजली? मी म्हटलं, आमच्या घरात दारू उंबऱ्याच्या आत येत नाही. त्याचा विश्वास बसला नाही. मग बायकोने पट्ट्यांचं सांगितलं, घोंगडीचं सांगितलं. तो थांबला.

"स्पिरिट कुठलं?"

"पॉलिशचं. माझ्याच दुकानातलं."

"त्यात काय आहे?"

मी म्हटलं, स्पिरिटमध्ये स्पिरिट असतं. तो शांत माणूस होता. त्याने मला नीट समजावलं. साधं परमिटचं स्पिरिट असेल तर एवढं होणार नाही, मग हा मेंदूचा ताप असणार आणि पाठीतून पाणी काढून बघावं लागणार. पण दुसरं काही असेल तर इलाज एकदम वेगळा. "चुकीचा इलाज केला तर पोर हातची जाईल," तो म्हणाला. "कुठून आणता ते? जवळच आहे ना? मग जा, आणि त्याच्या तोंडून काढून आणा. लवकर."

शेठचं दुकान तिथून फार लांब नव्हतं. मी पळत गेलो. तो गादीवर बसला होता, समोर दोन गिऱ्हाइकं. मला बघून हसला. मी दारातूनच ओरडलो की शेठ, ते पिंपातलं काय आहे सांगा, माझी लेक दवाखान्यात आहे, तिला दिसेना झालंय.

शेठने गिऱ्हाइकांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय भाऊ," तो म्हणाला, "मागच्या खेपेला कारागिराचं डोकं दुखत होतं. या खेपेला भाव पाडायला लेकरू आजारी पाडलं का?"

गिऱ्हाइकं हसली. मी त्याच्या गादीवर गुडघे टेकले, गणपतीची शपथ घेतली, लेकीची शपथ घेतली. जितकी शपथ घ्यावी तितका तो मागे रेलून मजेत ऐकत होता. शेवटी हात जोडून म्हणाला, "तेच आहे बाबा, बिलकुल तेच. कंट्रोलचं. सगळे नेतात. जा, पोरीला बघ."

मी दवाखान्यात परत आलो आणि डॉक्टरला सांगितलं, साधंच आहे म्हणतो. डॉक्टरने मान हलवली आणि नर्सला पाठीतून पाणी काढायची तयारी करायला सांगितलं. पोरीला कुशीवर वळवलं. बायको तिचे पाय धरून बसली होती. खिडकीतून ऊन थेट खाटेवर पडत होतं. पोर म्हणाली, "बाबा, दिवा कवा लावणार?"

मी खाटेच्या लोखंडी पट्टीला धरून उभा होतो. भीतीचंही एक टोक असतं. त्याच्या पलीकडे गेलं की डोकं एकदम चालायला लागतं, मेल्यासारखं शांत. मला एवढंच दिसलं: शेठने पिंप दाखवलं नव्हतं. बाजारात वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे पुरतं. ज्याचा माल खरा आहे त्याला खोटं ठरवा, तो पहिल्यांदा उठून पिंप उघडतो, बोट बुडवून तुमच्या नाकाला लावतो, चावी फेकतो अंगावर. शेठ गादीवरून हलला नव्हता.

डॉक्टरला म्हटलं, थोडं थांबा. तो म्हणाला, फार थांबता येणार नाही. मी निघालो, पण या वेळी पळालो नाही. वाटेत नळावर तोंड धुतलं, केस सारखे केले, सदरा खोचला. मला कळलं होतं की तो आजारी लेकराच्या बापाला खरं सांगणार नाही. गिऱ्हाइकाला सांगेल.

दुकानात शिरताना मी हसलो. कसा हसलो ते मला माहीत नाही. शेठही हसला, आणि म्हणाला, आलास?

"आलो शेठ," मी म्हटलं. "तुम्ही काई फसत न्हाई बुवा."

"पोरगी कशी आहे?"

त्याला फक्त मजा घ्यायची होती. आणि मी माझ्या तोंडाने म्हटलं, "पोरगी बरी आहे. खेळून राह्यली."

हे वाक्य मी बोललो. देवाच्या दारी मला सगळं विचारा, हे विचारू नका.

मग मी मांडी घालून बसलो आणि सौदा केला. मी सांगितलं की औरंगाबादला एक फर्निचरवाला मिळालाय, त्याला पिंपांवर पिंपं लागणार आहेत, पण त्याच्याकडे परमिट नाही आणि त्याला ऑफिसाची भानगड नको. तुमचा माल कंट्रोलचा असेल तर माझ्या कामाचा नाही, मी दुसरीकडे जातो. शेठ जागा झाला. चहा मागवला. मी चहा प्यायलो. कप बशीवर वाजू नये म्हणून बशी मांडीवर ठेवली. त्याने भाव सांगितला, मी नाक मुरडलं, कारण नाक मुरडलं नसतं तर त्याला संशय आला असता. त्याने थोडं सोडलं, मी उठल्यासारखं केलं, त्याने हात धरून बसवलं. बाहेर कोणाचंतरी लेकरू रडत होतं. दर रडण्याबरोबर माझ्या पाठीतून सुई जात होती, आणि मी पिंपाच्या झाकणावर, वाहतुकीवर, गळतीवर हुज्जत घालत होतो.

"पण परमिटचं काय, शेठ?" मी तिसऱ्यांदा विचारलं. "उद्या साहेबाने धरलं तर?"

तो पुढे वाकला. "अरे, याला परमिटच लागत न्हाई. हे दारूतलं स्पिरिटच नव्हं. मेथिल आहे, मेथिल. फॅक्टरीचा माल. मळीशी याचा काई संबंध न्हाई. म्हणून तर वास न्हाई. साहेबाने हुंगलं तरी त्याच्या बापाला कळणार न्हाई."

मी म्हटलं, बराबर. उठलो. चप्पल घालताना पाय चपलेत जाईना, तशीच हातात घेतली आणि कोपऱ्यावर वळल्यावर धावत सुटलो.

डॉक्टर सुई हातात घेतच होता. मी फक्त मेथिल एवढंच म्हटलं. त्याने सुई खाली ठेवली आणि मला म्हणाला, ब्रँडी आणा, चांगली, सीलबंद, पळा. मला वाटलं माझं डोकं फिरलंय. नंतर त्याने सांगितलं की या विषाला उतारा म्हणजे खरी दारूच. ती अंगात असेपर्यंत शरीर आधी तिच्याकडे वळतं आणि विषाला फुटायला वेळ मिळत नाही. माझ्या घराच्या उंबऱ्याआत जी कधी आली नव्हती ती बाटली मी सदऱ्याखाली धरून दवाखान्यात आणली, आणि डॉक्टरने मोजून, पाण्यात मिसळून, नळीने माझ्या सहा वर्षांच्या पोरीच्या पोटात घातली. हाताला सलाईन लावलं. बायको तिचं तोंड पुसत होती आणि ब्रँडीच्या वासाने रडत होती, की वासाचं निमित्त होतं, मी विचारलं नाही.

पोर जगली. आधी श्वास जागेवर आला. मग एका सकाळी तिने खिडकीकडे तोंड केलं आणि म्हणाली, ऊन आहे. डॉक्टरला बोलावलं तेव्हा आम्हाला वाटलं सगळं परत आलं. परत आलं ते एवढंच: उजेड, माणसांचे आकार, रंग थोडेसे. समोरचा भाग मधोमध पुसल्यासारखा. तिला कोणाचं तोंड बघायचं असेल तर मान वाकडी करून कडेने बघावं लागतं. अक्षरं गेली. दुकानाच्या पाट्या गेल्या. डॉक्टर म्हणाला, तासभर आधी कळलं असतं तर कदाचित. त्याने हे सहज म्हटलं, आणि लगेच त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण तो दुसरं काहीतरी बोलायला लागला. पण मी ऐकलं होतं. शेठ पहिल्यांदा खोटं बोलला तेव्हापासून मेथिल हे नाव त्याच्या तोंडून निघेपर्यंत तेवढाच वेळ गेला होता.

घरी आल्यावर मी दुकानातलं पिंप गावाबाहेर नेऊन जाळलं. निळी ज्योत, उन्हात दिसतसुद्धा नव्हती. नुसती हवा थरथरत होती. गल्लीत घरोघर जाऊन मी बाटल्या परत मागितल्या आणि ओतून टाकल्या. एका घरात बाटली रिकामी होती. त्या घरातल्या लहान मुलीकडे मी कितीतरी महिने रस्त्यात थांबून बघायचो, ती नीट चालते का, दगड चुकवते का. ती चुकवायची. तरी मी बघायचो. माय त्यानंतर कोणाच्याच लेकराला हात लावेना. शेजारणी तिला बोलवायला आल्या की ती पाठ फिरवून बसायची. मला अजून स्वच्छ पाण्याची भीती वाटते. बाटलीत काहीही पारदर्शक दिसलं की मी आधी हुंगतो आणि वास आला नाही तर पीत नाही.

मग मी तक्रार करायला निघालो. दारूचं खातं म्हणालं, हे पिण्याचं नाही, कोणी प्यायलं का? नाही. मग आमच्याकडे कशाला? आमचा ताबा मळीच्या स्पिरिटवर. मेथिल आमच्या यादीत नाही. भेसळ बघणारा साहेब म्हणाला, खाण्याच्या वस्तूत भेसळ झाली असती तर मी लगेच गेलो असतो, हे खाण्याचं नाही. औषधवाला म्हणाला, औषध म्हणून विकलं होतं का? पॉलिश म्हणून विकलं. मग औषध नाही. पोलिसांनी विचारलं, त्याने तुमच्या पोरीच्या अंगाला लावलं का? तुमच्या आईने लावलं. तिला आत घेऊ का? मी उठून आलो. आमच्या देशात दारूचा थेंबन् थेंब कुठे जातो यावर डोळे ठेवायला एवढी माणसं, आणि जे पिंपांनी घराघरात, दुकानात, लाकडात, दिव्यात, लेकरांच्या पोटावर जातं त्याचा कोणी धनी नाही. जितकं ते फॅक्टरीकडे वळत गेलं तितक्या नव्या नव्या नावांनी ते बाजारात परत येत गेलं, आणि एकाही नावाला माणूस जबाबदार नव्हता.

लोक म्हणतात, तू स्वस्त मागितलंस म्हणून तसं मिळालं. मी भावावर घासाघीस केली, मालावर केली नाही. कापड स्वस्त मागितलं म्हणून कोणी कफन देत नाही.

शेठ पुढे मोठा झाला. एकदा लग्नात भेटला तेव्हा त्याने मला ओळखलं आणि खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, भाऊ, मला काय माहीत तू खरं बोलून राह्यलास. बाजारात खरं कोण बोलतं? मी त्याचा हात काढला. लग्नघर होतं म्हणून तेवढंच केलं.

तर शेठ, तुला मी विचारतो, आणि त्या चारही खात्यांना विचारतो. सौद्यात मी काय बोलत होतो ते सोड. तुला पिंपात काय आहे ते माहीत होतं. माझी पोर आंधळी होते आहे असं मी सांगत असताना ते खरं असायची एक आणा शक्यता तरी तुझ्या मनात आली असेलच. त्या एक आण्यासाठी तुझी जीभ का हलली नाही? माझी लेक आता पोराबाळांची आई आहे. तिच्या लेकरांची तोंडं ती कडेने बघते. मला उत्तर देऊ नकोस. भोकरदनला ये, तिच्यासमोर बस, तिला मान वाकडी करून तुझ्याकडे बघू दे, आणि तिला सांग.